मोटारीने नेपाळला जाताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या सभेत चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वतः मोटार चालवीत नेपाळला जाऊन आलात, तर चार गोष्टी सांगाल का?" मी हो म्हणून बसले. घरी गेल्यावर मात्र प्रश्न पडला की सांगायचे काय? पशुपतिनाथाचे मंदिर आणि पोखऱ्याचे फेवा तळे यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत, आणि हिमालय काही माझ्या वर्णनासाठी अडून राहिलेला नाही. आपल्यापैकी तिघी-चौघी येत्या मोसमात आपापल्या गाड्या घेऊन निघणार आहेत असे कानावर आहे. तेव्हा देव आणि डोंगर बाजूला ठेवून मी आज कागदांविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, पण कागदांपायीच मी एकदा सरहद्दीवरून हात हलवीत परत आले आहे.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० साली झालेल्या मैत्रीच्या करारामुळे दोन्ही देशांच्या लोकांना ये-जा करण्याची मुभा आहे. सोनौलीच्या कमानीखालून माणसे बाजारहाट करायला जावीत तशी जाताना दिसतात. सायकलीवर भाजीची टोपली, डोक्यावर गवताचा भारा. ते पाहून आपल्यालाही वाटते, की ह्यात काय, गाडी घातली पुढे की झाले. इथेच आपली फसगत होते. माणसाला मुभा आहे, मोटारीला नाही. मोटार ही त्यांच्या दृष्टीने परदेशातून आत येणारी एक किमती वस्तू असते. ती किती दिवस राहणार आणि परत जाणार की नाही, ह्याची नोंद झाल्याखेरीज ती पुढे सरकत नाही. ह्या नोंदीला तिथे 'भन्सार' म्हणतात. आपण जकात म्हणतो तेच.

आमची पहिली खेप २०२२ सालच्या नोव्हेंबरातली. हे जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. लुंबिनीला आणि मुक्तिनाथाला जायचे ह्यांच्या मनात फार होते, म्हणून थोरल्या जाऊबाई, वन्सं आणि मी अशा तिघी निघालो. गाडी मी चालवीत होते. नाशकाहून इंदूर, झाशी, लखनौ, गोरखपूर असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता चार दिवसांत केला, आणि कुठे टायरसुद्धा पंक्चर झाले नाही. मनातून मी बरीच फुशारले होते हे कबूल करते.

गोरखपूरहून सोनौली शंभरएक किलोमीटर. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी ओळखपत्रे पाहून सोडले. कमान ओलांडली की बेलहिया, आणि तिथेच भन्सारची कचेरी. खिडकीपाशी एक तरुण कारकून होता, अगदी सभ्य. त्याने नोंदणीपुस्तक घेतले, माझा परवाना घेतला, दोन्हींवरची नावे पाहिली आणि विचारले, "गाडी कसको हो?" नेपाळी येत नसले तरी एवढे कळलेच. मी म्हटले, "आमचीच." तो म्हणाला, मालक बरोबर आहेत का? नसल्यास त्यांचे संमतिपत्र दाखवा.

मालक बरोबर नव्हते, आणि संमतिपत्र देण्याच्या पलीकडे गेले होते. दहा महिन्यांत मी ह्यांच्या बँकेतल्या खात्याचे पाहिले, घरपट्टीचे पाहिले. गाडीचे मात्र राहिले होते. खरे सांगायचे तर राहिले नव्हते, मी राहू दिले होते. त्या पुस्तकावरचे नाव बदलायचे म्हटले की हात पुढे होत नसे. गाडी रोज चालत होती, कोणी विचारीत नव्हते. विचारले ते दीड हजार किलोमीटरवर, परक्या देशाच्या दारात, मागे वीस गाड्यांची रांग लागलेली असताना.

आम्ही बाजूला येऊन उभ्या राहिलो, तोच एक मनुष्य जवळ आला. "अम्माजी, कागज़ हमको दीजिए, अभी काम करा देते हैं." रक्कमही फार सांगत नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, "देऊन टाक, एवढ्या लांब आलोय." माझेही मन डळमळले. पण वन्सं आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, कमानीतून पार होशील, पुढे घाटात कुणाला धक्का लागला तर त्या कागदावर कोण उभे राहणार आहे? दादा?" त्या दोन शब्दांनी मी जागी झाले. गाडी सोनौलीत एका लॉजच्या आवारात ठेवली, पलीकडून भाड्याची जीप केली, आणि लुंबिनी व पोखरा पाहून परत आलो. मुक्तिनाथ राहिला.

परत आल्यावर मी चौकशी केली तेव्हा समजले, की सरहद्दीवर अडले हा माझा लहान दोष होता. मोठा दोष घरीच झाला होता. आपल्या कायद्याप्रमाणे गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांच्या आत आर. टी. ओ.ला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्याला नमुना ३१ म्हणतात. बरोबर मृत्यूचा दाखला, विम्याची प्रत, आणि इतर वारसांची संमती. विमाही त्याच मुदतीत आपल्या नावे करून घ्यावा. मी सात महिने, कायद्याच्या नजरेने, दुसऱ्याच्याच गाडीतून मंडईत जात होते. आपल्यात ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे त्यांनी नेपाळला जायचे नसले तरी उद्या घरी नोंदणीपुस्तक उघडून पाहावे. ज्यांच्यावर आलेला नाही, त्यांनीही गाडी कोणाच्या नावावर आहे एवढे तरी पाहावे. पुष्कळदा ती मुलाच्या नाहीतर दिरांच्या नावावर निघते. मालक हयात असेल तर प्रश्न सोपा आहे: त्यांच्या सहीचे संमतिपत्र, शक्य तर नोटरीपुढे केलेले, आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत बरोबर घ्यावी.

माझ्या नावाचे पुस्तक २०२३ साली हाती आले. पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता निघायचे ठरत होते, तोच २३ ऑगस्ट २०२४ ची ती बातमी आली. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळकडचे यात्रेकरू पोखऱ्याहून काठमांडूला जात असताना तनहूं जिल्ह्यात त्यांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसे गेली. त्याआधी १२ जुलैला नारायणघाट ते मुगलिंग ह्या रस्त्यावर दरड येऊन दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. जाऊबाईंनी तर "आता नेपाळचे नाव काढू नको" म्हणून सांगितले. दोन महिने मीही काढले नाही. मग विचार केला की जायचे असेल तर पावसाळ्यात नाही, रात्री नाही, आणि घाईने नाही. ह्या तीन 'नाहीं'वर जाऊबाई तयार झाल्या.

२० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान केले आणि २१ ला निघालो. मतदानाच्या दिवशी दाखवलेले ओळखपत्र मी घरी येऊन कपाटात ठेवलेच नाही, थेट प्रवासाच्या पिशवीत घातले. कारण नेपाळात जाताना आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे पासपोर्ट चालतो किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र. आधार कार्डावर आपण सगळ्या विसंबून असतो, पण ते फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्ट वर्षांवरच्यांना चालते. जाऊबाई ६९ वर्षांच्या, त्यांचे भागले. वन्सं ६३ च्या. त्यांचे मतदार ओळखपत्र घर बदलताना कुठे गेले होते, ते दोन महिने आधी नवे काढून घ्यावे लागले. वन्संचा सोळा वर्षांचा नातू ह्या खेपेस बरोबर होता. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजच्या मुख्यांकडून ठरावीक नमुन्यातले ओळखीचे प्रमाणपत्र आणावे लागते, ते आणले. आणखी एक बायकांचीच म्हणून अडचण आहे. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर नुसते आद्याक्षर. अशी गत असेल तर विवाहाच्या दाखल्याची प्रत जवळ असावी.

गाडीसाठी नोंदणीपुस्तक, परवाना, प्रदूषणाचा दाखला आणि विमा. विम्याविषयी जरा थांबून सांगते, कारण हे मला कोणीच सांगितले नव्हते. विमापत्रात 'भौगोलिक क्षेत्र' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे 'भारत' लिहिलेले असते. म्हणजे कमान ओलांडली की आपला विमा मागे राहतो. मात्र नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारच्या देशांसाठी थोडा जादा हप्ता घेऊन हे क्षेत्र वाढवून देतात. आधी कंपनीला कळवून तशी पुरवणी लेखी घ्यावी. टेलिफोनवर "हो, चालतं बाई" म्हणणाऱ्यावर भिस्त ठेवू नये. मला तसे दोघे भेटले.

२५ तारखेला सकाळी पुन्हा त्याच खिडकीपाशी गेलो. कारकून निराळा होता, प्रश्न तोच. ह्या वेळी मी म्हटले, "मेरी." त्याने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. पाऊण तासात काम झाले.

भन्सार दिवसांवर आकारतात: जितके दिवस गाडी राहणार तितक्या दिवसांचे पैसे आधी भरायचे. परदेशी गाडीला वर्षात एकूण तीस दिवसांची मर्यादा आहे. आम्ही दहा दिवसांचे भरले. ह्याशिवाय वाहतूक खात्याचा वेगळा परवाना असतो, तोही तिथेच जवळ होतो. हे कागद काचेखाली किंवा हाताशी ठेवावेत, कारण वाटेत पोलीस मागतात. परत येताना पावती दाखवून नोंद पुरी करून घ्यावी. मुदत टळली तर दंड.

आणि मुदत कशी टळते ते ऐका. पावतीवरचे आकडे देवनागरी. आपल्याला वाटते, अरे वा, हे तर आपलेच! त्यावर लिहिलेले असते २०८१, ०८, १९. हे विक्रम संवत, आणि आठवा महिना म्हणजे ऑगस्ट नव्हे, मंसिर. बरे, मंसिर म्हणजे आपला मार्गशीर्ष म्हणावे तर तोही जुळत नाही, कारण त्यांचा महिना सौर, नोव्हेंबरच्या मध्यावर लागणारा. आपला मार्गशीर्ष तेव्हा यायचा असतो. मी मनाशी हिशेब केला होता, की २५ ला आत आलो, दहा दिवस, म्हणजे ५ डिसेंबरला बाहेर. पोखऱ्याला ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीणबाईंनी सहज म्हणून पावती पाहिली, बोटांवर मोजले, आणि भिंतीवरच्या पंचांगात दाखवले. आत आलेला दिवसही मोजलेला असतो. मंसिर १० ते १९, म्हणजे ४ डिसेंबर. एका दिवसाचा फरक; पण आम्ही ५ ला दुपारी निवांत जेवूनखाऊन नाक्यावर गेलो असतो. तेव्हा पावती हाती पडताच तिथल्याच माणसाकडून इंग्रजी तारीख विचारून पाठीमागे पेन्सिलीने लिहून घ्यावी. घड्याळही पंधरा मिनिटे पुढे करावे. त्यांची वेळ आपल्यापुढे तेवढीच असते.

पैशांचे थोडक्यात. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. हा दर १९९३ पासून तसाच आहे. दुकानदाराने भाव सांगितला की "आय. सी. का एन. सी.?" असे विचारावे, म्हणजे भारतीय की नेपाळी. न विचारता शालीचे पैसे दिल्यामुळे वन्संनी दीडपटीहून जास्त किंमत मोजली, आणि ते त्यांना लखनौपर्यंत पुरले. शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने बंदी घातली होती. ह्याबाबतचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजी चौकशी करावी आणि शंभराच्या नोटांचे पुडके जवळ ठेवावे. ते कुठेही अडत नाही.

रस्त्याची बाजू आपलीच, डावी. भैरहव्याहून बुटवल, पाल्पा करीत पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ महामार्ग सुमारे १८० किलोमीटरचा. आकडा ऐकून वाटते चार तास. आम्हांला आठ लागले. बुटवल सोडताच सिद्धबाबापाशी डोंगर सुटा आहे, तिथे दरडी येतात. तो भाग सकाळीच पार करावा आणि फोटोसाठी मुळीच थांबू नये. पुढे वळणावळणाला मोठ्या मालमोटारी. आपल्या कसाऱ्याच्या घाटाची सवय उपयोगी पडते, पण कसारा तासात संपतो, हा संपत नाही. मी दर दीड तासाने थांबत असे आणि चार वाजले की मुक्काम. नातू म्हणे, "मामीआजी, अजून उजेड आहे." असू दे उजेड. काठमांडूत गेलात तर कर्णा वाजवायचा हात आवरावा; तिथे २०१७ पासून विनाकारण वाजवायला बंदी आहे, आणि नाशिककरणीला ही फार मोठी शिक्षा आहे.

मुक्तिनाथाला मात्र मी आपली गाडी नेली नाही. पोखऱ्याला ठेवली आणि तिथला चालक व जीप केली. बेनीच्या पुढे काली गंडकीच्या काठाचा रस्ता रोज बदलतो. आज जिथून गेलात तिथे उद्या धोंडे असतात. तो तिथल्या माणसालाच ठाऊक. इथवर स्वतः चालवीत आले म्हणून पुढेही चालवीन हा हट्ट मी सोडला, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. मंदिर सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. जोमसोमला, त्याहून हजारभर मीटर खाली, एक रात्र काढून मगच वर जावे, म्हणजे छातीवर दडपण येत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी घरून निघतानाच डॉक्टरांना विचारावे. औषधे त्यांच्या चिठ्ठीसकट न्यावीत, आणि हिशेबापेक्षा आठवडाभर जास्त. २०२५ सालच्या सप्टेंबरात काठमांडूत मोठा उठाव झाला, सरकार गेले, विमानतळ आणि सरहद्दीवरची ये-जा थांबली, तेव्हा कितीतरी प्रवासी अडकून पडले होते. अशा वेळी गोळ्यांची पट्टी आणि आपल्या वकिलातीचा टेलिफोन नंबर हीच शिदोरी. नंबर कागदावर लिहिलेला असावा, कारण आपला मोबाईल तिथे आपोआप चालत नाही.

एक प्रसंग सांगून आटोपते. परत निघालो त्या दिवशी बेलहियात एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन गाडीच्या खिडकीशी आल्या. चांगल्या घरच्या दिसत होत्या. म्हणाल्या, "दीदी, ही पिशवी पलीकडे माझ्या भावाला द्याल? तो कमानीपाशीच उभा आहे. मला बाळाला घेऊन रांगेत उभं राहवत नाही." पुरुष असता तर मी काच खाली केलीच नसती. बाई, त्यातून लेकुरवाळी. जाऊबाईंनी तर हात पुढे केला होता. मी त्यांचा हात धरला आणि त्या बाईंना म्हटले, "बाळाला आमच्याजवळ सावलीत बसवा, तुम्ही रांगेत जा, पिशवी मात्र तुमची तुम्हीच न्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बाळाला घेऊन निघून गेल्या. पिशवीत काय होते देव जाणे. लाडूही असतील. पण आपल्या गाडीत जे असेल ते जकातीच्या माणसापुढे आपले असते, आणि "मला ठाऊक नव्हते" ह्या वाक्याला तिथे कोणी पावती देत नाही. जाऊबाई बस्तीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचेही चूक नव्हते; मलाही त्या मुलाचा चेहरा अधूनमधून आठवतो.

आपल्या बाजूला सामानाची तपासणी होते. घरच्या वापराचे कपडे, देवाचा प्रसाद, रुद्राक्षाची माळ ह्यांना कोणी हरकत घेतली नाही. नवी विजेची वस्तू नाहीतर शालींचा ढीग आणाल तर पावत्या हाताशी ठेवा आणि विचारल्यावर खरे सांगा. आम्ही ४ डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्या घड्याळाने सव्वापाचला, कमानीखालून अलीकडे आलो.

माझ्या पिशवीत विम्याच्या पुरवणीची प्रत, संमतिपत्राचा मसुदा, नमुना ३१ चा कोरा कागद आणि ती भन्सारची पावती आणली आहे. मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख अजून दिसते. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडे यावे. कागद इथेच पाहावेत, घरी नेऊ नयेत. मागच्या वेळी दिलेले अनारशांचे टिपण मला अजून परत मिळालेले नाही.